मायनं उत्तर दिलं होतं

“पुन्हा एकदा घे,” सर म्हणाले. “उजेड नीट नव्हता. त्यांना फोटो परत काढायचाय.”

मी पाटलाच्या ओट्याखाली उभा होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, फुलपँट, खिशाला पेन. एम. ए. झालेला माणूस. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर दोन खुर्च्या. एकीत सर, दुसरीत त्यांचा युरोपातून आलेला पाहुणा. त्या दोघांना चहा आतून आला, घरातल्या कपबशीतून. माझ्यासाठी पाटलाच्या थोरल्या मुलानं गोठ्याच्या वळचणीला खोचलेला कप काढला. कान तुटलेला. आत कोळ्याचं जाळं. ते त्यानं फुंकून उडवलं, कप माझ्या हातात दिला आणि किटली उंच धरून वरून चहा ओतला.

सरांनी हे सगळं पाहिलं. मला वाटलं, आता सर काहीतरी बोलतील. समता हा त्यांचा व्याख्यानाचा विषय होता, हॉल भरायचे. सर बोललेही. पाहुण्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले, बघा, किती सुंदर उदाहरण मिळालं.

पाहुण्यानं कॅमेरा काढून एक फोटो घेतला. तोवर माझा चहा संपला होता. मग सरांनी सांगितलं तसं झालं. कप पुन्हा वळचणीला गेला. थोरल्यानं पुन्हा काढला. मी पुन्हा हात पुढं केला.

थोरल्याला मजा वाटायला लागली. “घ्या साहेब, घ्या,” तो मला म्हणाला. “च्या लय हाय. पाव्हन्याचं मन मोडू नये.” मग खाली वाकून त्यानं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. “सटवाचा पोरगा न्हवं तू? वळखलं म्या. तुझा बाप बी आसाच हात म्होरं करायचा.”

“काय म्हणतोय तो?” सरांनी विचारलं.

“चहा घ्या म्हणतोय,” मी सांगितलं.

आणि घेतला. फोटो चांगला आला. त्यात मी हसतो आहे.

आता माझ्यावर गौरवग्रंथ निघतोय. त्याची छपाईला जाणारी पानं संपादकानं मला वाचायला पाठवली. पहिल्याच लेखात लिहिलंय की, त्या दिवशी मी तो कप ओट्यावर आपटून फोडला आणि तिथूनच माझ्या विचारांचा प्रवास सुरू झाला. पाश्चात्त्य ज्ञानाच्या मक्तेदारीला मराठवाड्याच्या मातीतून दिलेलं पहिलं आव्हान, असंही लिहिलंय. ही कप फोडल्याची गोष्ट मी कधी सांगितली नाही. पण कोणी सांगितली तेव्हा खोडलीही नाही. सत्काराच्या भाषणात ऐकली, मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

कप फुटला नाही. बहुधा अजूनही कुठल्यातरी वळचणीला असेल.

सरांचं नाव मी लिहीत नाही. पाहुण्याचंही नाही. त्यांच्या अब्रूची काळजी म्हणून नव्हे. त्या दोघांची नावं ग्रंथालयांत पुरेशी छापलेली आहेत. माझ्या बापाचं नाव त्यांच्या पुस्तकात कुठंच नाही. ‘एक शेतमजूर’ एवढंच आहे. तेव्हा इथं त्यांनीही ‘सर’ आणि ‘पाहुणा’ एवढ्यावरच भागवावं.

माझं गाव बोरीच्या पुढं, जिंतूर तालुक्यात. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. छप्पन साली आबा, म्हणजे माझा बाप, आणि वस्तीतले सगळे बौद्ध झाले. त्या दिवसापासून मेलेली ढोरं ओढणं बंद. येसकर म्हणून घरोघर भाकर मागणं बंद. गावानं काही वर्षं दात खाल्ले, मग सवय झाल्यासारखं केलं. सवय झाली नव्हती. संधी नव्हती एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळानं ती दिली. जनावरं पटापट मरत होती. पाटलाचा एक बैल गोठ्यात मेला. गोठ्यातून बाहेर काढायला गडी तयार होईना. थोरला वस्तीवर आला आणि आबाला म्हणाला, चल. आबा म्हणाला, आमी सोडलं ते काम, मालक. थोरला तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी आबा गिरणीवर दळणाच्या रांगेत होता. खडी फोडून मिळालेल्या मजुरीची ज्वारी डब्यात. थोरला आला, रांगेतून आबाला बाहेर ओढलं आणि सगळ्या रांगेसमोर थोबाडीत मारली. डबा लवंडला. ज्वारी मातीत. आबा खाली बसून ज्वारी वेचायला लागला. रांगेतली बायामाणसं बघत राहिली. आमच्या वस्तीतलीही होती त्यात. गिरणीचा पट्टा चालू होता, तो कोणी थांबवला नाही.

मग बैठक झाली, मारुतीच्या पाराजवळ. गावातली चार शहाणी माणसं. त्यांनी ठरवलं की बैल पाटलाच्या गड्यांनी पुरावा, वस्तीचं दळण बंद करू नये, आणि झालं ते दोघांनीही पोटात घालावं. पुन्हा कोणी विषय काढू नये. आबानं मान हलवली. मायनं हलवली नाही. पण तिला विचारतंय कोण?

आबा त्यानंतर फार जगला नाही. थपडेनं मेला असं मी म्हणणार नाही, पोटाचं दुखणं होतं. पण त्यानंतर तो गिरणीवर गेला नाही. मायनं जातं पुन्हा बाहेर काढलं.

हे सगळं झालं तेव्हा मी औरंगाबादला समाजशास्त्र शिकत होतो. पुस्तकातलं गाव वाचत होतो. पुस्तकातल्या गावात पाटील असे, बलुतेदार असत, परस्परावलंबन असे. थप्पड नसे.

एम. ए. झालो आणि सरांच्या प्रकल्पात नोकरी लागली. सर पुण्याचे, विलायतेत शिकलेले. विषय होता ग्रामीण माणसाची न्यायाची कल्पना. पैसा युरोपातून येत होता आणि पैशाबरोबर पाहुणा आला होता. त्यांना आमच्या तालुक्यातलं गाव हवं होतं आणि गावात वस्तीवर सहज जाऊ शकेल असा शिकलेला माणूस हवा होता. म्हणजे मी. माझ्या गुणपत्रिकेकडं कोणी नीट पाहिलंही नसावं.

पाहुण्यानं युरोपात बसूनच एक शिडी तयार करून आणली होती. तळाच्या पायरीवर सूड घेणारी माणसं. त्यावर तडजोड करणारी. त्यावर कायदा मानणारी. सगळ्यात वरच्या पायरीवर युरोप, पायावर पाय टाकून बसलेला. आमचं काम एवढंच होतं, परभणी जिल्ह्यातलं एकेक माणूस उचलून योग्य त्या पायरीवर ठेवणं. प्रत्येक प्रश्नापुढं चौकोन छापलेले. शिक्षा हवी, भरपाई हवी, तडजोड हवी. यातल्या कशातच न बसणाऱ्यासाठी शेवटचा चौकोन: कल्पना नाही.

ही आमच्या धंद्याची रीत आहे, बाहेरच्या माणसाला ती चटकन कळत नाही. समोरचा काहीही बोलू दे, त्याचं बोलणं चौकोनात बसलं तर ते उत्तर. नाही बसलं, तर त्या माणसाला कल्पना नाही. चौकोन करणाऱ्याला कल्पना नाही, असा चौकोन कुठंच नसतो. त्या शेवटच्या चौकोनात मी बोरीपासून जिंतूरपर्यंतची किती शहाणी माणसं कोंबली असतील, कोण जाणे. पगार वेळेवर मिळत होता.

चहाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. शाळेतून दोन खुर्च्या आणल्या. गल्लीत सरांनी मला बाजूला घेतलं.

“तुझी आई पण आहे ना यादीत?”

“आहे सर.”

“मग नातं मध्ये आणू नकोस. मुलाखत चालू असताना ती तुझी आई नाही, माहिती देणारी आहे. ‘बाई’ म्हण तिला. पाहुण्यांचं यावर बारीक लक्ष असतं.”

माय उंबऱ्यावर बसली होती. शेजारच्या बाया भोवती जमल्या. मी कागद मांडीवर घेतला, घसा साफ केला आणि छापलेलं वाचलं.

“बाई, समजा तुमच्यावर अन्याय झाला, तर न्याय मिळाला असं तुम्ही केव्हा म्हणाल?”

मायनं आधी माझ्याकडं बघितलं, मग मागं वळून बघितलं, मागं दुसरी कोणी बाई बसली आहे का म्हणून.

“बाई?” ती म्हणाली. “कोनाची बाई रं मी?”

बाया खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “आगं, त्यो सायेब झालाय आता. माय मनायला त्याला आर्डर यावी लागंल.” पुन्हा हशा. पाहुणाही हसला. त्याला वाटलं, वातावरण मोकळं झालं. सरांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी प्रश्न पुन्हा वाचला. पुन्हा ‘बाई’ म्हणालो.

मायचं हसू गेलं. ती सरळ बसली.

“समजा कामून? झालेलाच इचार की. तुला म्हाईत न्हाई व्हय?”

“जे वाटतं ते सांगा.”

“आईक मंग. बैठकीत मनले, मिटलं. काय मिटलं? आमचं त्वांड मिटलं. मला त्याचा पैसा नगं. त्याला जेलात घालू नगा, त्याचे लेकरं काय खातील? त्याला मारू बी नगा. ज्यानं मारलं त्यानं त्याच गिरनीपशी हुबं ऱ्हावं. ज्यायनं बघितलं त्यायलाच बलवावं. अन् आपल्या तोंडानं मनावं, म्या मारलं, माझं चुकलं. समद्यायनं आईकावं. मंग झाला इन्साफ. त्याबिगर न्हाई.”

मी सरांना पुस्तकी मराठीत सांगितलं. त्यांनी पाहुण्याला ते इंग्रजीत जरा सुबक करून सांगितलं. दोघं बोलले. पाहुण्यानं खांदे उडवले.

“म्हणजे माफी,” सर म्हणाले. “माफी हा पर्याय आपल्याकडं नाही. तडजोडीत टाक.”

“तडजोडीला तर ती नाही म्हणतेय सर.”

“मग शिक्षा?”

“शिक्षा नको म्हणते.”

“भरपाई नको, शिक्षा नको, तडजोड नको. म्हणजे तिलाच माहीत नाही काय हवंय ते.” सरांचा आवाज त्रासिक झाला होता. ऊन वाढत होतं. “शेवटच्यात टाक आणि पुढं चल.”

मी शेवटच्या चौकोनात फुली मारली.

पेन माझं होतं. हात माझा होता. सरांनी माझं मनगट धरून ती फुली मारली नाही.

माय कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंस रं?”

“तू सांगितलंस ते.”

“एवढं बोलले म्या,” माय म्हणाली, “अन् तू लय बारकं लिवलंस.”

त्या संध्याकाळी परभणीच्या डाक बंगल्यावर मी धीर करून विषय काढला. म्हणालो, सर, ती बाई सूड नको म्हणते, तडजोड नको म्हणते, कोर्टकचेरीही मागत नाही. मग कदाचित आपल्या शिडीतच काहीतरी कमी असेल. मी मायला ‘ती बाई’ म्हणालो. एकदा सवय लागली की लागतेच.

सर नुकतीच अंघोळ करून आले होते. टॉवेलनं कान पुसता पुसता त्यांनी शांतपणे सांगितलं, “हे बघ, तू माहिती आणायची. विचार करायला आम्ही आहोत.”

पाहुणा दयाळू होता. तसली दया माझ्या पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ पाहिली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझ्यात चमक आहे, माझ्या विद्यापीठात संशोधनासाठी एक जागा आहे, सरांनी शिफारस केली की काम झालं. सर टॉवेलआडून हसले. मी ओळखलं काय ते. शिडीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. उरलेल्या मुलाखती घेतल्या, उरलेल्या फुल्या मारल्या, आणि पारपत्राला काय काय लागतं याची चौकशी सुरू केली.

पुस्तक आलं आणीबाणी उठल्यावर. इंग्रजीत, जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. आत माझा फोटो. खाली नाव नाही. ‘चहा स्वीकारताना अस्पृश्य तरुण.’ बौद्ध हा शब्दसुद्धा त्यांनी वापरला नव्हता. आमचा धर्मही त्यांच्या कुठल्या चौकोनात बसला नसावा.

सरांनी ठरवलं की परभणीत एक कार्यक्रम करायचा. ज्यांच्याकडून ज्ञान घेतलं, त्यांना ते परत द्यायचं, असं त्यांच्या आमंत्रणात होतं. एका कॉलेजचा हॉल घेतला. मोठे अधिकारी, वकील, प्राध्यापक खुर्च्यांवर. ज्या गावात अभ्यास झाला तिथली माणसं ट्रकनं आणलेली. वस्तीतल्या बाया समोर सतरंजीवर, त्यात माय. थोरला पाटील पहिल्या रांगेत, फेटा बांधून. त्यानं गावात सगळी सोय केली म्हणून त्याचा सत्कार होता. पाहुणा इंग्रजीत बोलणार आणि एकेका वाक्याचं मराठी मी करणार, असं ठरलेलं. सरांच्या खिशात माझ्या शिफारशीचा कागद तयार आहे, हे त्यांनी मला सकाळीच सांगून ठेवलं होतं. कार्यक्रम झाला की सही.

पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आणलं होतं. हॉलमध्ये अंधार केला आणि माझाच फोटो भिंतीएवढा होऊन समोर आला. हात पुढं, कप, हसू. पोरं शिट्ट्या मारायला लागली. पाहुणा म्हणाला, हे चित्र भारतीय समाजाविषयी हजार पानांपेक्षा जास्त सांगतं. मी त्याचं मराठी केलं. चांगलं केलं. मराठी माझं आधीपासून चांगलं.

मग शिडी आली. पायऱ्या आल्या. मी भाषांतर करत गेलो. वकील माना डोलावत होते. त्यांना बहुतेक वाटत होतं की आपण वरून दुसऱ्या पायरीवर आहोत.

मग पाहुणा म्हणाला की तळाच्या लोकांमध्ये न्यायाची कल्पना अजून आकारालाच आलेली नाही. उदाहरणार्थ, एका विधवेला विचारलं असता ती उत्तर देऊ शकली नाही.

आणि तो थांबला, माझ्यासाठी.

मी समोर बघितलं. सतरंजीवर बायांमध्ये माय कुठं बसली आहे ते अंधारात नीट दिसत नव्हतं. पण ती माझ्याकडं बघतेय हे मला समजत होतं. पुढचं वाक्य तिला तिच्याच भाषेत, तिच्याच पोराच्या तोंडून ऐकू येणार होतं. राग म्हणावा तर आधी कधी इतका थंड राग मला आला नव्हता.

“भाषांतर कर,” सर हळू आवाजात म्हणाले.

“करत नाही.”

“काय?”

माइक माझ्या हातात होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

“हे वाक्य मी मराठीत आणणार नाही,” मी म्हणालो. “ती विधवा इथं सतरंजीवर बसली आहे. ती माझी माय आहे. तिला उत्तर देता आलं नाही हे खोटं आहे. मायनं उत्तर दिलं होतं. यांना ते ऐकायला कान नव्हते.”

आणि मी गिरणीवरची थप्पड सांगितली, मग तिचं उत्तर. जसंच्या तसं, तिच्या बोलीत, माइकवरून. मग पाहुण्याकडं तोंड करून इंग्रजीत सांगितलं. त्याला हेही सांगितलं की तुमच्या शिडीला पायऱ्या कमी नाहीत, ती शिडीच चुकीच्या भिंतीला लावलेली आहे. कोणीतरी दिवे लावले. मागं आमची पोरं टाळ्या वाजवायला लागली. सर पांढरेफटक पडले होते. मग त्यांनी खिशातून तो कागद काढला, मला दिसेल असा फाडला आणि तुकडे नीट परत खिशात ठेवले. शिस्तीचा माणूस. हॉलमध्ये कचरा केला नाही.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजही नाकारत नाही. पुन्हा आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून मी कोणाचा कप हातात घेतला नाही. पुण्याचा नाही, विलायतेचा नाही.

हॉलमधली ही गोष्ट बरीचशी खरी छापलेली आहे. पुढची मी कोणाला सांगितली नाही.

बाया ट्रककडं निघाल्या होत्या. मी मायला गाठलं. छाती भरून आली होती. मला वाटत होतं, ती आता माझ्या तोंडावरून हात फिरवील.

“लय ब्येस बोललास,” माय म्हणाली. “पर आर्धं बोललास.”

“अर्धं कसं गं?”

“त्यायला आईकू आलं न्हाई. खरं हाय. गोऱ्याला माझी बोली कशी कळंल? त्या पुन्याच्याला बी न्हाई कळली. पर तुला तं आईकू आलं व्हतं.” ती ट्रकच्या फाळक्याला धरून वर चढायला लागली. बायांनी हात दिला. वरून म्हणाली, “अन् त्यो म्होरं बसला व्हता फेटा बांधून. त्याचं नाव बी न्हाई घेतलंस.”

ट्रक गेला.

खरं होतं. ‘एका माणसानं थोबाडीत मारली’ असंच मी म्हणालो होतो. सर मला नोकरीवरून काढू शकत होते. थोरला पाटील मात्र मायला वस्तीतून काढू शकत होता, असं मी तेव्हा मनाची समजूत घालायला म्हणत असे. ते पूर्ण खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, युरोपाला शिव्या देणं सोपं होतं. युरोप बोरीत राहत नव्हता.

पुढं तेच माझं करिअर झालं. परभणीतच एका कॉलेजात लागलो आणि लिहायला लागलो. माझा पहिला गाजलेला लेख मायच्या उत्तरावर उभा होता. न्याय म्हणजे शिक्षा नव्हे, भरपाई नव्हे, ज्यांनी अन्याय पाहिला त्यांच्यासमोर अन्याय करणाऱ्यानं दिलेली कबुली, हा विचार मी जड भाषेत मांडला. त्याला एक लांबलचक नाव दिलं. आज तो माझा सिद्धांत म्हणून शिकवतात, पोरं परीक्षेत माझ्या नावानं लिहितात. मायचा उल्लेख आहे. तळटीपेत. ‘क्षेत्रकार्यातील एका स्त्रीच्या कथनावरून.’ सरांनी तिला विधवा केलं होतं, मी स्त्री केलं. बढती म्हणायची.

आणि युरोप? ज्याची शिफारस फाटली त्या युरोपानं मला नंतर स्वतःच बोलावलं. विमानाचं भाडं देऊन. आपल्याला शिव्या देणारा एखादा पाहुणा तिकडच्या प्रत्येक परिषदेत हवाच असतो, त्याशिवाय त्यांना उदार वाटत नाही. मी व्यासपीठावर उभा राहून म्हणायचो, तुमचं ज्ञान बहिरं आहे. ते उभं राहून टाळ्या वाजवायचे. मग वाइन. माझ्या विरोधालाही त्यांनी एक छानसा चौकोन करून दिला होता आणि मी त्यात ऐसपैस राहिलो. एकदाही माझ्या मनात आलं नाही, की या टाळ्या बहिऱ्यांच्या आहेत, तर मला त्या इतक्या आवडतात कशा?

तिकडच्या आणि इकडच्या विद्वानांचा मला तिटकारा आहे, तो जाणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाला सुंदर उदाहरण म्हणणारी ही जात. पण तिटकाऱ्यातून स्वतःला वगळायची जी सोय मी इतकी वर्षं करून घेतली, ती आता बंद. मायचं उत्तर युरोपानं दाबलं, असं मी सगळ्या जगाला सांगत फिरलो. युरोपाला ते समजलंच नव्हतं. ज्याला समजलं होतं त्यानं दाबलं. वस्तीतल्याच पोरानं, स्वच्छ अक्षरात, पगारासाठी आणि एका परदेशी जागेसाठी.

माय गेली. शेवटपर्यंत मला कधी पुन्हा टोचून बोलली नाही. माझ्या पुस्तकांचं कौतुक कोणी केलं तर म्हणायची, “त्याला बोलता लय येतं.”

आता गौरवग्रंथाचं प्रकाशन गावातच करायचं ठरलंय. गावाला माझा अभिमान आहे म्हणे. स्वागत समितीचा अध्यक्ष थोरला पाटील. काठी टेकत चालतो आता, पण आवाज तसाच आहे. परवा त्याचा फोन आला. “झालं गेलं समदं इसरून या मास्तर. आपन दोगं बी आता गवऱ्या मसनात गेलेली मानसं.” माझा सत्कार त्याच्या हस्ते होणार आहे. संपादक म्हणतो, सर, हा किती मोठा क्षण आहे, समेटाचा.

समेट. बरोबर. तोच शब्द बाकी होता.

संपादकाला मी दोन गोष्टी कळवल्या आहेत. कपाचा लेख काढा आणि त्या जागी हे छापा, एक शब्द न बदलता. छापायचं नसेल तर ग्रंथावरून माझं नाव काढा. त्याचं उत्तर आलेलं नाही. येईल तसं येवो.

मी गावात जाणार आहे. सत्कार घ्यायला नाही. लोक जमले की माइक मागून घेणार आणि आधी माझं सांगणार. वळचणीचा कप मी घेतला, दुसऱ्यांदाही घेतला. मायनं उत्तर दिलं, ते मी ऐकलं आणि कल्पना नाही म्हणून फुली मारली. तिचा विचार माझ्या नावावर चालवला. माझं चुकलं. हे मी इंग्रजीत नाही, तिच्या बोलीत म्हणणार आहे. गिरणीच्या त्या रांगेतली जी दोन-चार माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना पुढं बसवायला मी सांगून ठेवलंय.

मग त्याचं नाव घेणार. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आणि त्याच्या हातात माइक देणार.

तो बोलेल असं मला वाटत नाही. तो हसेल, किंवा त्याचे नातू अंगावर येतील, किंवा कोणी लाइट घालवेल. म्हातारा चळला म्हणतील. म्हणू देत. तो बोलतो की नाही हे सगळ्यांना दिसेपर्यंत मी तिथून हलणार नाही, आणि तो बोलला नाही तर सगळ्यांसमोर एवढंच म्हणून उतरेन, की सटवाजीचा आणि त्याच्या बायकोचा न्याय या गावात अजून झालेला नाही.